शेअर बाजाराचा भाव सर्वांना एकाच क्षणी कसा मिळतो?

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, 2010 च्या सुमारास ब्रोकरांचे सर्व्हर आपल्याच आवारात ठेवायची सोय केली. प्रत्येक ऑर्डर आणि सौद्याची खबर, म्हणजे ‘टिक-बाय-टिक’ डेटा, या सर्व्हरांकडे टीसीपी जोडणीवरून, म्हणजे दोन संगणकांमधल्या पोच घेत चालणाऱ्या जोडणीवरून, युनिकास्टने जाई. युनिकास्टमध्ये प्रत्येकासाठी वेगळी प्रत निघते, एकामागून एक. साहजिकच रांगेत पुढे असलेल्याला भाव आधी कळे. फरक सेकंदाच्या बारीकशा अंशाचा, पण संगणकाकरवी सौदे करणाऱ्याला तेवढा पुरतो. यातून उठलेला वाद सेबीपर्यंत आणि पुढे अपिलातही गेला.

2014 मध्ये एनएसईने हा डेटा मल्टिकास्टने द्यायला सुरुवात केली. स्टीव्ह डीअरिंग यांनी स्टॅनफर्डमध्ये या पद्धतीचा पाया घातला आणि 1989 मध्ये तिचे इंटरनेट मानक आले. यात सर्व्हर एकच पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, एका ‘गटाच्या’ पत्त्यावर सोडतो. हे पत्ते 224 ते 239 या आकड्यांनी सुरू होतात. ज्याला डेटा हवा, तो गटात नाव नोंदवतो. प्रती काढायचे काम वाटेतले स्विच, म्हणजे डेटा पुढे धाडणारी यंत्रे, करतात, तेही जिथे वाटा फुटतात तिथेच. मल्टिकास्टचे कौतुक बँडविड्थ, म्हणजे जाळ्याची वहनक्षमता, वाचते म्हणून होते. मला मात्र तिचा मोठा गुण हा वाटतो की पाठवणाऱ्याकडे रांगच उरत नाही.

याची किंमत मोजावी लागते. टीसीपी हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवते. मल्टिकास्ट यूडीपी या साध्या पाठवणी-पद्धतीवर चालते आणि तिथे पॅकेट मिळाल्याची पोच नसते. हजारो ग्राहकांनी पोच द्यायची ठरवली तर सर्व्हर त्यातच बुडेल. म्हणून पॅकेटांना क्रमांक देतात. मधला क्रमांक चुकला की ग्राहक तेवढाच तुकडा वेगळ्या युनिकास्ट जोडणीवरून मागून घेतो.

मग क्रिकेट सामना असा का दाखवत नाहीत? 19 नोव्हेंबर 2023 च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका वेळी 5.9 कोटी प्रेक्षक होते. प्रत्येकी सेकंदाला 4 मेगाबिट धरले तरी 236 टेराबिट होतात, आणि हे सगळे युनिकास्ट! कारण मल्टिकास्टसाठी वाटेतल्या प्रत्येक राउटरने गटांची नोंद ठेवावी लागते, आणि खुल्या इंटरनेटवर कंपन्या एकमेकींसाठी हा भार सहसा उचलत नाहीत. शिवाय कुणी सामना मध्येच थांबवतो, कुणाचे नेट मंद म्हणून चित्र कमी दर्जाचे लागते. त्यामुळे शहरोशहरी ठेवलेल्या सर्व्हरांतून प्रत्येकाला त्याची प्रत देणे सोपे पडते.

म्हणून निवड करताना आधी दोन गोष्टी पाहाव्यात. सर्वांना तेच, त्याच क्षणी हवे आहे का? आणि वाटेतले स्विच-राउटर आपल्या ताब्यात आहेत का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तरच मल्टिकास्टचा विचार करावा. त्यातही शेवटचा टप्पा वायफायचा असेल तर जपून, कारण तिथे मल्टिकास्ट पॅकेटे बहुधा सर्वांत मंद गतीने आणि पोच न घेता जातात. कित्येक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पुरवणारी यंत्रे, म्हणूनच त्यांचे परत युनिकास्ट करून टाकतात.