एका बॅकस्लॅशसाठी चार बॅकस्लॅश

रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात काय शोधायचे हे सांगणारा चिन्हांचा नमुना, लिहिताना एखाद्या चिन्हाविषयी शंका आली की त्याच्याआधी बॅकस्लॅश (\) लावून टाकावा, त्याने नुकसान तर काही होत नाही, असा सल्ला प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना सर्रास दिला जातो. तो निम्माच खरा आहे. बॅकस्लॅशचा अर्थ त्याच्यानंतर काय येते यावर जितका अवलंबून असतो, तितकाच तो कोण वाचत आहे यावरही असतो, आणि बहुतेक गोंधळ या दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतो.

मुळात या उपद्व्यापाची गरज का पडली, हे आधी पाहू. वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये मज्जापेशींच्या जाळ्याचे एक गणिती प्रारूप मांडले होते. त्याचा अभ्यास करताना गणिती स्टीफन क्लीनी यांनी १९५१ च्या एका अहवालात रेग्युलर एक्स्प्रेशनची संकल्पना मांडली आणि १९५६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. गणितात मजकुराची अक्षरे वेगळी आणि क्रियेची चिन्हे वेगळी ठेवण्याची मुभा असते, त्यामुळे तिथे एस्केप करण्याचा, म्हणजे एखाद्या चिन्हाचा नेहमीचा अर्थ बदलण्याचा, प्रश्न फारसा उद्भवत नाही. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सन यांनी हीच संकल्पना मजकूर शोधण्यासाठी संगणकावर उतरवली आणि तिची पद्धत १९६८ मध्ये शोधनिबंधातून मांडली. संगणकावर मात्र शोधायचा मजकूर आणि शोधण्याच्या सूचना या दोन्हींसाठी एकच कीबोर्ड असतो. तारांकन हे 'आधीचे अक्षर कितीही वेळा' याची खूण म्हणून वापरले, तर खरोखरचे तारांकन शोधायचे कसे? त्यासाठी 'पुढचे चिन्ह जसेच्या तसे घ्या' असे सांगणारे आणखी एक चिन्ह लागते, आणि ते काम बॅकस्लॅशकडे आले. हे चिन्ह संगणकतज्ज्ञ बॉब बेमर यांच्या प्रयत्नांनी आस्की या संगणकाच्या अक्षरांच्या संकेतावलीत आले ते अल्गोल या प्रोग्रॅमिंग भाषेतील 'आणि' व 'किंवा' ही तर्कचिन्हे दोन तिरप्या रेघांनी लिहिता यावीत म्हणून; रेग्युलर एक्स्प्रेशनशी तेव्हा त्याचा काही संबंध नव्हता.

विशेष अर्थ असलेली चिन्हे साधारण डझनभर आहेत: . * + ? ( ) [ { | ^ $ आणि स्वतः \. यांतील सर्वांत फसवा टिंब. त्याचा अर्थ 'कोणतेही एक अक्षर' असा असल्याने, '३.१४' हा नमुना '३.१४' या मजकुराशी जुळतोच, पण '३-१४' आणि '३५१४' यांच्याशीही जुळतो. टिंब स्वतःशीही जुळत असल्याने लिहिणाऱ्याने केलेली चाचणी निर्धोक पार पडते आणि चूक झाकलेली राहते. संकेतस्थळांच्या परवानगीच्या यादीत असे मोकळे टिंब राहिले, तर टिंबाच्या जागी दुसरे अक्षर असलेले नाव नोंदवून कोणीही त्या यादीतून आत शिरू शकतो. '३\.१४' असे लिहिले की हा प्रश्न मिटतो.

मिटतो, पण कागदावर. प्रोग्रॅममध्ये हा नमुना बहुधा अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग म्हणून लिहिला जातो, आणि इथे खरी गंमत सुरू होते. समजा जावा भाषेत मजकुरातला एकच बॅकस्लॅश शोधायचा आहे. शोध घेणाऱ्या इंजिनासाठी बॅकस्लॅश हे विशेष चिन्ह, म्हणून त्याच्या हाती '\\' असे दोन बॅकस्लॅश पडायला हवेत. परंतु इंजिनाच्या आधी ती स्ट्रिंग कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रॅमचे संगणकासाठी भाषांतर करणारा प्रोग्रॅम, वाचतो, आणि त्याच्या स्वतःच्या नियमांतही बॅकस्लॅश हे विशेष चिन्हच आहे. तो दर दोन बॅकस्लॅशमागे एकच पुढे पाठवतो. म्हणून इंजिनापर्यंत दोन पोहोचायचे तर "\\\\" असे चार लिहावे लागतात. दोनच लिहिले तर इंजिनाला एकच मिळतो, त्याच्यानंतर काहीच नसते, आणि प्रोग्रॅम चालू असताना तो नमुना नाकारला जातो. तीन लिहिले तर तिसरा बॅकस्लॅश शेवटच्या अवतरणचिन्हालाच एस्केप करतो, स्ट्रिंग संपतच नाही, आणि प्रोग्रॅम कंपाइलही होत नाही. हाच नमुना जेसन या माहिती साठवण्याच्या स्वरूपातील मजकुरात असेल आणि तो जेसन मजकूर पुन्हा जावाच्या स्ट्रिंगमध्ये लिहिलेला असेल, तर वाचणारे तीन झाले आणि बॅकस्लॅश आठ. वाढलेला प्रत्येक वाचक ही संख्या दुप्पट करतो. चालेपर्यंत एकेक बॅकस्लॅश वाढवत राहण्याचा जो तोडगा अनेक जण करतात, तो गंडेदोऱ्यांपेक्षा फारसा वेगळा नाही. गुण आला तरी कशाने आला हे करणाऱ्याला कळत नाही.

दोन वाचकांचा याहून सूक्ष्म परिणाम पायथनमध्ये दिसतो. बॅकस्लॅशनंतर इंग्रजी डी म्हणजे इंजिनासाठी 'कोणताही अंक'. पायथनच्या स्ट्रिंगच्या नियमांत या जोडीला अर्थ नाही, म्हणून ती जशीच्या तशी इंजिनाकडे जाते आणि सगळे सुरळीत चालते. बॅकस्लॅशनंतर बी म्हणजे इंजिनासाठी शब्दाची सीमा. परंतु स्ट्रिंगच्या नियमांत तीच जोडी म्हणजे बॅकस्पेस हे नियंत्रणाक्षर. पहिला वाचक तिचे रूपांतर करून मोकळा होतो, इंजिन मजकुरात बॅकस्पेस शोधत बसते, काहीही सापडत नाही आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. अवतरणचिन्हाआधी आर लावून लिहिलेली कच्ची स्ट्रिंग हा यावरचा नेमका उपाय आहे, कारण तिच्यात पहिला वाचक बॅकस्लॅशला हात लावत नाही. पायथनच्या ३.१२ आवृत्तीपासून डीसारख्या निरर्थक जोड्यांवरही ठळक इशारा मिळतो, आणि तो यापूर्वीच मिळायला हवा होता.

आता सुरुवातीच्या सल्ल्याकडे. पर्ल भाषेत अक्षर, अंक किंवा अधोरेखा नसलेल्या चिन्हाआधी बॅकस्लॅश लावला की ते चिन्ह नेहमी साधेच धरले जाते, त्यामुळे विरामचिन्हांपुरता तो सल्ला तिथे निभावतो. ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या युनिक्स आज्ञेच्या मूळ पद्धतीत मात्र नेमके उलट आहे: साधा कंस हा फक्त कंस असतो आणि बॅकस्लॅश लावल्यावर तो गट करणारा विशेष कंस बनतो. चौकोनी कंसांच्या आत तर नियमच बदलतात. तिथे टिंब आणि तारांकन आपोआप साधे होतात, आडवी रेघ दोन अक्षरांच्या मध्ये आली तर पल्ला दाखवते, आणि ^ केवळ पहिल्या जागी असेल तरच नकारार्थी ठरते. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणकातील नियमांनुसार या कंसांत बॅकस्लॅशही साधाच असतो. पर्ल, पायथन आणि जावात तसे नाही.

नमुन्याचा एखादा भाग वापरणाऱ्याने टाइप केलेल्या मजकुरातून येत असेल, तर हे सारे हाताने करू नये. पायथन, जावा, पर्ल आणि पीएचपीमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहेत; जावास्क्रिप्टमध्ये ते २०२५ च्या प्रमाणकात आले. पायथनचे फंक्शन पूर्वी देवनागरी अक्षरांनाही बॅकस्लॅश लावत असे, ३.७ पासून ते केवळ विशेष चिन्हांनाच हात लावते. ही फंक्शन शोधाच्या नमुन्यासाठी आहेत, सापडलेल्या मजकुराच्या जागी घालायच्या मजकुरासाठी नाहीत. त्या मजकुराचे नियम वेगळे असतात: जावात तिथे फक्त डॉलर आणि बॅकस्लॅश विशेष आहेत व त्यांच्यासाठी स्वतंत्र फंक्शन दिलेले आहे, तर पायथनमध्ये तिथे केवळ बॅकस्लॅशच एस्केप करावा लागतो.