राष्ट्रपतींना पदावरून दूर करायचं तर: अनुच्छेद ६१ आणि हमखास चुकणारा आकडा

आधीच सांगून टाकतो, हा अर्ज तुम्हाआम्हाला करता येत नाही. लाखभर सह्यांचं निवेदन पाठवलंत तरी महाभियोग, म्हणजे राष्ट्रपतींना हटवण्याची ही प्रक्रिया, सुरू होत नाही. सही लागते खासदाराची. आमदार राष्ट्रपती निवडताना मत देतात, हटवताना त्यांना कुणी विचारत नाही. नामनियुक्त खासदारांचं नेमकं उलट.

कारण एकच चालतं: संविधानाचा भंग. आता भंग म्हणजे काय, याची व्याख्या मात्र संविधानात शोधून सापडणार नाही.

कागदही एकच. लेखी पूर्वसूचना, तिच्यावर त्या सभागृहाच्या किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर १३६, राज्यसभेच्या २४५ धरल्या तर ६२. सुरुवात कुठल्याही सभागृहातून करा, पण सूचना दिल्यावर किमान १४ दिवस थांबल्याशिवाय ठराव मांडता येत नाही. ही अट किती नडते ते डिसेंबर २०२४ मध्ये दिसलं. तिथे नोटीस उपराष्ट्रपतींविरुद्ध होती, म्हणजे अनुच्छेद ६७ ची, पण १४ दिवस तिथेही आहेतच. नोटीस दिली १० तारखेला, अधिवेशन संपणार २० ला! उपसभापतींनी ती फेटाळली. वर उपराष्ट्रपतींच्या नावाचं स्पेलिंगही चुकल्याचं सुनावलं. साठ खासदारांच्या सह्या, आणि कॅलेंडर कुणीच पाहिलं नाही?

आता बहुमत. एमपीएससीच्या सराव-उत्तरपत्रिकांत इथे हटकून 'हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश' असं लिहिलेलं सापडतं. बाबांनो, ते न्यायाधीशांना हटवण्याच्या सूत्रातलं, तेही अर्धंच. राष्ट्रपतींसाठी सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं हवीत: लोकसभेत ३६२, राज्यसभेत १६४. समजा लोकसभेत ४५० जण हजर आहेत आणि ३२० जणांनी बाजूने मत दिलं. हजेरीच्या हिशेबाने दणदणीत, तरी ठराव पडला. घरी बसलेला खासदारही ठरावाला विरोधकाइतकाच महाग पडतो.

पहिल्या सभागृहात ठराव झाला की दुसरं सभागृह चौकशी करतं किंवा करवून घेतं. राष्ट्रपती स्वतः येऊ शकतात, वकील पाठवू शकतात. तिथेही तेवढ्याच बहुमताने ठराव झाला की त्याच तारखेपासून पद गेलं. उपराष्ट्रपती काम पाहतात, सहा महिन्यांत निवडणूक.

आजवर यातलं काहीच कधी वापरावं लागलेलं नाही. राष्ट्रपतींना स्वतःहून पद सोडायचं असेल तर उपराष्ट्रपतींच्या नावे सहीचं एक पत्र पुरतं.