एकशेवीस वर्षांची नवखी : डी अँड डीमधल्या वयांची पार्श्वभूमी

रविवारी संध्याकाळी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका मित्राकडे आम्ही पाच-सहाजण डी अँड डी, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', खेळायला जमतो. यात प्रत्येकजण एक काल्पनिक पात्र घेतो आणि सगळ्यांची गोष्ट फाशांवर पुढे सरकते. नव्या कॅम्पेनच्या, म्हणजे अनेक बैठकी चालणाऱ्या गोष्टीच्या, पहिल्याच दिवशी गाडी अडली ती कॅरेक्टर शीटवरच्या (पात्राच्या माहितीच्या कागदावरच्या) वयाच्या रकान्यात. एकीची एल्फ (माणसापेक्षा कितीतरी जास्त जगणाऱ्या जमातीतली) १२० वर्षांची, लेव्हल, म्हणजे खेळातली अनुभवाची पायरी, मात्र पहिली. "एकशेवीस वर्षं ही बाई करत काय होती?" असं हाफ-ऑर्कवाल्याने, म्हणजे अर्धा माणूस-अर्धा राक्षस असं पात्र घेतलेल्याने, विचारलं. त्याचा गडी सोळाव्या वर्षीच तिच्या बरोबरीने उभा होता. चहा गार झाला, पण खेळ काही सुरू होईना.

या वादाचं मूळ शोधायचं तर आधी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टोल्कीन याच्याकडे जावं लागतं. त्याच्या एल्फांना म्हातारपणाने मरण येत नाही. त्याचा हॉबिट, म्हणजे माणसासारखाच पण बुटका गडी, तेहतिसाव्या वर्षी सज्ञान होतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डी अँड डी बाजारात आला तेव्हा या जमातीही त्यात आल्या. हॉबिटचं पुढे कायद्याच्या कटकटीमुळे हाफलिंग झालं. पण कथेत अमर असणं सोपं असतं. फाशांच्या खेळात मरणालाही आकडा लागतो.

तो आकडा १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये सविस्तर आला. प्रत्येक जमातीच्या आयुष्याचे पाच टप्पे, कोवळ्या तारुण्यापासून जराजर्जर अवस्थेपर्यंत. माणसाची मर्यादा १२०, हाफ-ऑर्कची ८०, आणि एल्फांच्या पोटजातींपैकी हाय एल्फची १६००, ग्रे एल्फची तर २०००. खेळ सुरू करतानाचं वयही फासे टाकूनच ठरायचं. माणूस-फायटरला (लढवय्याला) १५ अधिक एक चार बाजूंचा फासा, तर हाय एल्फ मॅजिक-यूजरला (जादूगाराला) १५० अधिक पाच सहा-बाजूंचे फासे. म्हणजे आमच्या मैत्रिणीची १२० वर्षांची नवखी त्या हिशेबात लहानच ठरली असती.

वय हे तेव्हा नुसतं वर्णन नव्हतं. उतारवयाचे टप्पे आले की ताकद, चपळाई घटायची आणि शहाणपण वाढायचं. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे वय हे जादूचं चलन होतं. हेस्टचा मंत्र ज्याच्यावर पडला तो लढाईत दुप्पट वेगाने धावायचा आणि एका वर्षाने म्हातारा व्हायचा. विश, म्हणजे इच्छापूर्तीचा मंत्र, टाकणाऱ्याची तीन वर्षं जायची. भूत नुसतं दिसलं तरी दहा वर्षं गेली, आणि त्याने स्पर्श केला तर दहा ते चाळीस. ययातीने पुरूचं तारुण्य मागून घेतल्याची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या आपल्या लोकांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

यात एक उघड अन्याय होता. हेस्टचं एक वर्ष हाफ-ऑर्कला जड, एल्फला मात्र खिशातली चिल्लर. मग शतकानुशतकं जगणारे एल्फ जगावर राज्य का करत नाहीत? गायगॅक्सला त्याचं जग माणसांभोवतीच फिरायला हवं होतं, म्हणून त्याने दुसरीकडून लगाम घातला. माणसाला लेव्हलची मर्यादा नाही, एल्फ फायटर मात्र फार तर सातव्या लेव्हलपर्यंत आणि एल्फ मॅजिक-यूजर अकराव्यापर्यंत. शिवाय मेलेल्याला उठवणारा रेझ डेडचा मंत्र एल्फवर चालतच नसे. दीर्घायुष्य दिलं आणि त्याची वसुली अशी केली. मला हा सौदा रोखठोक वाटतो, पण खेळणाऱ्यांना तो जाचायचा हेही खरं.

१९८९च्या दुसऱ्या एडिशनमध्ये एल्फचं आयुष्य एकदम आक्रसलं. कमाल वय ३५० अधिक चार शंभरी (एक ते शंभर आकड्यांचे) फासे, म्हणजे जास्तीत जास्त ७५०. २०००च्या तिसऱ्या एडिशनने हेच गणित ठेवलं, पण लेव्हलची मर्यादा काढून टाकली आणि हेस्टमधून म्हातारपणही काढलं. २०१४च्या पाचव्या एडिशनमध्ये फासे गेले आणि एल्फ ७५० वर्षांपर्यंत जगू शकतो एवढं वाक्य उरलं. ड्वार्फ या बुटक्या जमातीचं जुनं गणित २५० अधिक दोन शंभरी फासे असं होतं, आणि नव्या पुस्तकात तो सरासरी ३५० वर्षं जगतो. एल्फच्या वाट्याला जुन्या फाशांचं कमाल दान आलं आणि ड्वार्फच्या वाट्याला सरासरी. ड्वार्फ खेळणाऱ्यांनी यावर अजून मोर्चा कसा काढला नाही, कोण जाणे.

७५० वर्षं म्हणजे किती? ज्ञानेश्वरांच्या जन्मसालचा, १२७५चा एल्फ आज शेवटचे दिवस मोजत असेल. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा तो पंधराचा आणि समाधीच्या वेळी एकवीसचा, म्हणजे एल्फांच्या लेखी पोरच. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली आगगाडी आईच्या कडेवरून पाहिलेला एल्फ तर आज ऐन तारुण्यात असेल.

मूळ प्रश्नाला पाचव्या एडिशनने दिलेलं उत्तर असं : एल्फचं शरीर माणसाइतक्याच वयात वाढतं, पण प्रौढपण त्यांच्या मते वाढीचं नसून अनुभवाचं, म्हणून ते शंभरीच्या आसपास स्वतःला प्रौढ म्हणवतात. हे मला पळवाटेसारखं वाटतं. शंभर वर्षांचा अनुभव असेल तर पहिली लेव्हल कशी? आपल्याकडे याचं जास्त चांगलं उत्तर आहे. आख्यायिकेतला चांगदेव चौदाशे वर्षांचा, पण ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला तर मायना सुचेना, म्हणून कोराच कागद पाठवला. इतकी वर्षं जगूनही हा कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाली. ती तेव्हा लहान मुलगी होती. मैत्रिणीला हे सांगितलं तर ती चिडली नाही, उलट आपल्या एल्फचं टोपणनावच तिने चांगदेव ठेवलं.

इकडे पुस्तकांनी वयाचा नादच जवळजवळ सोडला आहे. २०२२च्या एका पुस्तकात नव्या जमातींना वेगळाले आकडे देण्याऐवजी सरसकट सांगितलंय की कॅरेक्टरचं आयुष्य साधारण शतकभराचं, एल्फ-ड्वार्फसारखे काही शतकं जगतात. टप्पे नाहीत, वजाबाकी नाही. आमच्या डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला, हे रुचलं नाही. त्याने घरचा नियम म्हणून हेस्टचं एक वर्ष परत आणलं.

गेल्या रविवारी पुलावर ट्रोल राक्षस समोर आला तेव्हा मंत्र घ्यायचा की नाही, यावर हाफ-ऑर्कवाला बराच वेळ विचार करत बसला. चांगदेव तोवर पुलाच्या पलीकडे पोचलीसुद्धा होती.