आधी अदमास, मग आकडेमोड

अकरावी, बारावी आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्र व संख्याशास्त्राच्या गणितांविषयी: विद्यार्थी आणि पालक दोघांसाठी

नमस्कार.

हे पत्रक हातात आलंय म्हणजे घरात नुकताच एखादा तपासलेला पेपर आला असणार. आमच्याकडे येणारे पालक जवळजवळ सगळे एकच वाक्य बोलतात, "सूत्र तोंडपाठ होतं हो, तरी गणित चुकलं." आम्ही पेपर बघतो. सूत्र खरंच बरोबर असतं. चूक त्याच्या वरच्या ओळीत असते, किंवा ती ओळच लिहिलेली नसते.

करी रोड स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, मसाला कांडायच्या गिरणीच्या वर आमच्या दोन खोल्या आहेत. मार्च ते मे मिरचीचा हंगाम. नवीन मूल पहिल्या दिवशी शिंकतं, दुसऱ्या दिवसापासून सरावतं. इथे पोर्शन पूर्ण करून मिळत नाही, छापील नोट्सही मिळत नाहीत. एका टेबलाला चारच जण बसतात आणि दीड तासात फार तर चार-पाच गणितं होतात. चारच गणितं? असं विचारणाऱ्यांनी पुढचं वाचावं.

समासातली ओळ

आमच्याकडे एक नियम आहे. आकडेमोडीला हात लावण्याआधी उत्तर साधारण किती यायला हवं ते पेन्सिलीने समासात लिहायचं. आई भाताचं पाणी बोटाच्या पेरावर ठरवते, तसंच हे. अदमास चुकला तर आम्ही काही म्हणत नाही. लिहिलाच नाही तर वही परत.

साधं उदाहरण घ्या. ०.०२ मोलर (म्हणजे एका लीटरमध्ये ०.०२ मोल) हायड्रोक्लोरिक ॲसिडचा पीएच काढा. पीएच म्हणजे द्रावण किती आम्ल ते सांगणारा आकडा: सातच्या खाली आम्ल, वर अल्क. ०.१ मोलरचा पीएच १, ०.०१ मोलरचा २. आपलं द्रावण या दोघांच्या मधलं, म्हणून उत्तर एक आणि दोनच्या मध्ये, दोनच्या जवळ. झाला अदमास. आता लॉग टेबल उघडा. बारावीच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. ०.०२ म्हणजे २ गुणिले दहाचा उणे दुसरा घात. दोनचा लॉग ०.३०१०, तो घातातल्या दोनातून वजा केला की १.६९९, म्हणजे १.७०. ज्याने समासात "१ ते २" लिहिलंय, त्याने घाईत वजाऐवजी अधिक करून २.३ आणलं तरी त्याची नजर तिथेच अडकते. कोणी तपासायची गरज राहत नाही.

हाच अदमास एका खोडकर प्रश्नात जीव वाचवतो. तेच ॲसिड, पण संहती दहाचा उणे आठवा घात इतकी. सूत्रात टाकलं की पीएच ८. वर्गातली निम्मी मुलं ८ लिहून पुढे जातात. अहो, ॲसिड आहे ते! पाणी कितीही ओता, ॲसिडचं द्रावण अल्कधर्मी कसं होईल? इतक्या विरळ द्रावणात पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन ॲसिडच्या आयनांपेक्षा जास्त असतात, ते धरावेच लागतात. ते धरून २५ अंश सेल्सियसला उत्तर येतं ६.९८, सातच्या किंचित खाली. वर्गसमीकरण कसं मांडायचं ते इथे शिकवू. पण ८ खोडायला वर्गसमीकरण लागत नाही.

मोल म्हणजे मोजदाद

मोल हा शब्द ऐकला की मुलांना वजन आठवतं. मोल ही मोजदाद आहे, डझनासारखी. डझनभर हापूस आणि डझनभर लिंबं यांचं वजन वेगळं, नग बाराच. पूर्वी मोलची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ वर टेकलेली होती. २० मे २०१९ पासून ती थेट संख्येवर आली: ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात, इतके कण म्हणजे एक मोल. तराजू व्याख्येतून बाहेर पडला, हे आमच्या दृष्टीने फार बरं झालं. शिकवायला सोपं जातं.

आता ज्या गणितावर आमच्याकडे सगळ्यात जास्त वह्या परत जातात ते बघा. ५ ग्रॅम संगमरवराच्या चुऱ्यावर (शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट धरा) ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड १०० मिलिलीटर ओतलं. कार्बन डायऑक्साइड किती ग्रॅम निघेल?

चुऱ्याचे मोल (एका मोलचं वजन १०० ग्रॅम): ५ भागिले १०० म्हणजे ०.०५. ॲसिडचे मोल: ०.५ गुणिले ०.१ लीटर, तेही ०.०५. इथे मूल खूश होतं. दोन्ही सारखे, म्हणजे दोन्ही संपणार, वायू ०.०५ मोल, गुणिले ४४ (वायूच्या एका मोलचं वजन), उत्तर २.२ ग्रॅम. चूक.

याच्यासाठी आमच्याकडे मोदक आहेत. एका मोदकाला एक पारी आणि दोन चमचे सारण लागतं असं समजा. ओट्यावर वीस पाऱ्या आहेत आणि सारण वीस चमचे. मोदक किती? दहा. सारण संपलं, उकड उरली, तिच्या निवगऱ्या करा. वीस आणि वीस दिसले म्हणून वीस मोदक होत नाहीत, हे कुठल्याही काकूंना सांगावं लागत नाही. संगमरवराचंही तेच. समीकरण संतुलित केलं की ॲसिडच्या मागे २ येतो; कार्बोनेटच्या एका मोलला ॲसिडचे दोन मोल लागतात. म्हणून ॲसिड आधी संपतं, चुरा ०.०२५ मोलच विरघळतो, वायू निघतो १.१ ग्रॅम आणि भांड्याच्या तळाशी २.५ ग्रॅम चुरा तसाच राहतो. त्या उरलेल्या चुऱ्याचा आकडाही आम्ही लिहून घेतो, प्रश्नात विचारला नसला तरी. निवगऱ्या मोजल्याशिवाय ओटा आवरत नाही.

(घरी खात्री करायची असेल तर संगमरवरी ओट्यावर लिंबू सांडू देऊ नका, एवढंच सांगतो. डाग निघत नाही आणि नंतर बोलणी आम्हाला बसतात.)

वायूचं आकारमान विचारलं तर ताप आणि दाब वाचा. शून्य अंश सेल्सियसला एक मोल आदर्श वायू १ ॲटमॉस्फिअर दाबाला २२.४ लीटर, १ बार दाबाला २२.७ लीटर. आयुपॅक ही रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना १९८२ पासून प्रमाण दाब १ बार धरते, पण जुनी पुस्तकं आणि जुने पेपर २२.४ वर चालतात. प्रश्नात जे लिहिलंय ते धरायचं. भांडत बसू नये.

ब्युरेट आणि सी.बी.आर.

प्रॅक्टिकलला ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं अनुमापन (टायट्रेशन) सगळ्यांनाच असतं. पिपेटने १० मिलिलीटर ऑक्झॅलिक, त्यात विरल सल्फ्युरिक, साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम, मग वरून ब्युरेटमधून (खुणा केलेल्या मापाच्या नळीतून) परमँगनेट. पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो, पुढे पटपट जातो, कारण अभिक्रियेत तयार होणारे मँगनीज आयनच तिला वेग देतात. फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं.

समजा ऑक्झॅलिक ०.०५ मोलर आणि रीडिंग (लागलेलं परमँगनेट, मिलिलीटरमध्ये) ९.८ आलं. मुलं सरळ "एम वन व्ही वन बरोबर एम टू व्ही टू" लावतात आणि उत्तर ०.०५१ मोलर आणतात. आकडा दिसायला छान, कारण ऑक्झॅलिकच्या संहतीच्या जवळपास आहे. पण इथे परमँगनेटच्या दोन मोलला ऑक्झॅलिकचे पाच मोल लागतात. आकारमानं जवळजवळ सारखी, म्हणून परमँगनेट ऑक्झॅलिकच्या दोन-पंचमांश, ०.०२ च्या आसपास हवं. हा समास. नेमकं उत्तर ०.०२०४ मोलर. सूत्र पाठ होतं. ते एकास एक गणितासाठी होतं.

आता रीडिंगांकडे बघा. पायलट म्हणजे पहिलं, अंदाजाचं रीडिंग सोडून द्यायचं, मग तीन घ्यायची: ९.८, ९.९, ९.८. जर्नलमध्ये सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) म्हणून ९.८ लिहायचं, जे पुन्हा आलं ते. संख्याशास्त्राच्या वहीत याच गोष्टीला बहुलक म्हणतात, हे मुलांना सांगितलं की ती हसतात. दोन विषयांच्या दोन वह्या, आणि मधली भिंत कोणीतरी उगाच बांधलेली. आणि हो, तिन्ही रीडिंगं १०.०, १०.०, १०.० अशी आली तर आम्ही कौतुक करत नाही. ती शिजवलेली असतात. परीक्षकांनाही वास येतो.

पालक विचारतात, रसायन आणि संख्याशास्त्र एकाच टेबलावर कसं? ऑक्सफर्डला गणित आणि रसायन शिकलेला विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत कामाला होता. तिथे हाताशी नमुने मोजकेच असत आणि निर्णय तर घ्यायचा असे. थोड्या नमुन्यांवरून किती विश्वासाने बोलता येतं, याचं गणित त्याने १९०८ मध्ये छापलं, तेही स्वतःच्या नावाने नव्हे, "स्टुडंट" या नावाने. पदवीच्या वर्गात जिला "स्टुडंट्स टी" म्हणतात ती चाचणी हीच. आमची मुलं समजतात विद्यार्थ्यांसाठी सोपी करून दिलेली चाचणी आहे. असती तर बरं झालं असतं.

पन्नास मिनिटांचा दिवस

संख्याशास्त्रात वारंवारता सारणी, आलेख, हे सगळं पुस्तकात नीट दिलंय. त्यावर आम्ही वेळ घालवत नाही. अडतं ते दोन ठिकाणी.

पहिलं, मध्य (सरासरी) की मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा). आमच्या सरावकागदावरचं गणित: घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर पाय ठेवल्यापासून आमचा जिना चढेपर्यंत सहा दिवस लागलेली मिनिटं ३३, ३४, ३५, ३६, ३७ आणि १२५. सहाव्या दिवशी रुळांवर पाणी होतं. बेरीज ३००, मध्य ५०. आता सांगा, पन्नास मिनिटं कोणत्या दिवशी लागली? एकाही नाही. मध्यक ३५.५, तो रोजचा अनुभव सांगतो. पण आईने विचारलं, "सहा दिवसांत प्रवासात एकूण किती वेळ गेला?" तर मध्यकाचा काही उपयोग नाही, तिथे मध्यच लागतो. कोणता आकडा बरोबर, हे आकड्यांना विचारून कळत नाही. प्रश्न काय आहे ते बघावं लागतं.

दुसरं, प्रमाण विचलन, म्हणजे आकडे मध्यापासून साधारण किती लांब पसरलेत त्याचं माप. पावसाचा दिवस सोडा, पाच दिवस घ्या. मध्य ३५. विचलनं उणे २, उणे १, ०, १, २. वर्गांची बेरीज १०. आता भागायचं पाचने की चारने? पाचने भागलं तर विचलन १.४१, चारने भागलं तर १.५८. नियम असा की हेच पाच दिवस म्हणजे सगळं विश्व असेल तर पाच. यावरून वर्षभराचा अंदाज बांधायचा असेल, म्हणजे हा नमुना असेल, तर चार. चारच का? विचलनांची बेरीज नेहमी शून्य येते. उणे २, उणे १, ० आणि १ मी सांगितली की पाचवं २ च असणार, त्याला दुसरा पर्याय नाही. पाचातली चारच मोकळी. कॅल्क्युलेटरवर याच्या दोन वेगळ्या कळा असतात, कोणती दाबली ते वहीत लिहा.

याचाही समास आहे. पूर्ण संख्येने भागून काढलेलं प्रमाण विचलन विस्ताराच्या (सगळ्यात मोठा आकडा वजा सगळ्यात लहान) निम्म्याहून जास्त कधीच येत नाही. इथे विस्तार ४, म्हणजे उत्तर २ च्या आत. कोणी १० लिहिलं तर त्याने भागाकार आणि वर्गमूळ दोन्ही विसरून वर्गांची बेरीजच उतरवली.

कबुली देऊन टाकतो. आमच्याच एका उत्तरसूचीत "नमुना" असं स्पष्ट लिहिलेल्या गणिताला १.४१ छापलं होतं. अकरावीतल्या एका मुलीने ते दाखवलं, तेही भीत भीत, कारण छापलेलं चुकत नाही असा तिचा समज. तेव्हापासून उत्तरसूची आम्ही गणित झाल्यावरच देतो, आणि चूक काढणाऱ्याला त्या दिवशीची फी माफ.

ठोकून दिलं तर?

हा प्रश्न सीईटीच्या, म्हणजे प्रवेश परीक्षेच्या, आधी हमखास येतो. एमएचटी-सीईटीत रसायनशास्त्राचे ५० प्रश्न असतात, चार पर्याय, चुकलं तर गुण कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका, हे आम्हीही सांगतो. पण डोळे मिटून पन्नासच्या पन्नास ठोकले तर सरासरी साडेबारा बरोबर येतील, प्रमाण विचलन जेमतेम ३. एकोणीस किंवा त्याहून जास्त यायची शक्यता शंभरात तीनच्या आसपास. समासातल्या अदमासाने मात्र चारातले दोन पर्याय बरेचदा आपोआप गळतात. मग उरलेल्या दोघांत ठोका, आमची हरकत नाही.

येताना

चुकलेला पेपर किंवा वही घेऊन या, बाजूच्या रफ कामासकट. खोडलेलं फाडू नका, आम्हाला तेच हवं असतं. लॉग टेबल आपलं आणा. पहिली बैठक विद्यार्थ्याशीच होते. आईबाबांनी खाली थांबावं, नाहीतर उत्तरं तेच देतात.

दीड तासाच्या बैठकीची फी ४०० रुपये, बसाल तेवढ्याच बैठकींची. वर्षाची आगाऊ फी घेत नाही. कॉलेजच्या असाइनमेंट आणि जर्नल लिहून देत नाही, कितीही पैसे दिले तरी. घरून शंका पाठवायची असेल तर पूर्ण प्रश्नाचा फोटो आणि तुम्ही केलेला प्रयत्न, दोन्ही पाठवा. नुसता प्रश्न आला तर उत्तरात एकच ओळ येईल: "समासात काय लिहिलंत?"

पावसात गाड्या बंद असतील तर बैठक पुढे ढकलतो, पैसे जात नाहीत. गणपतीचे दिवस आम्ही बंद असतो. लालबागच्या त्या गर्दीत आमच्या जिन्यापर्यंत पोचणं आम्हालाच जमत नाही. त्या दिवसांत आलेल्या शंकांना अनंत चतुर्दशीनंतर, आल्या त्या क्रमाने उत्तरं मिळतील.