बस लेन आणि बीआरटी (मुंबई)

बस लेन म्हणजे रस्त्याचा एक पट्टा फक्त बसगाड्यांसाठी राखून ठेवायचा, बास. बीआरटी म्हणजे बस रॅपिड ट्रान्झिट ही त्याच्या पुढची पायरी, त्यात ती लेन कठडा घालून बाकीच्या ट्रॅफिकपासून वेगळी काढतात, थांबे बहुतेक करून रस्त्याच्या मधोमध घेतात, तिकीट बसमध्ये न फाडता थांब्यावरच काढतात, फलाट बसच्या दाराच्या उंचीला आणतात म्हणजे गुडघे धरून पायऱ्या चढायला नकोत, आणि बस जवळ आली की सिग्नल जरा जास्त वेळ हिरवा ठेवतात. हे सगळं एकत्र जमलं तर बस जवळजवळ मेट्रोसारखी पळते आणि खर्च मेट्रोच्या पासंगालाही पुरत नाही. मुंबईत बीआरटीचा एकही मार्ग नाही. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावर करायचा विचार बरीच वर्षं कागदावर फिरत होता, तिथेच राहिला.

मुंबईला रस्त्यावरची सार्वजनिक वाहतूक काही नवीन नाही. घोड्याची ट्राम १८७४ ला आली, विजेची १९०७ ला, आणि पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद पडली, पण दादर टीटी म्हणतो त्यातला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे आता निम्म्या लोकांना माहीत नसतं. ट्रामला रूळ होते पण रस्ता राखीव नव्हता, रुळावर कोणी हातगाडी उभी केली की ट्रामही थांबायचीच. म्हणजे दुखणं जुनंच आहे.

बस रखडते कुठे

लोकांना वाटतं बस हळू चालते म्हणून उशीर होतो. तसं नाही, ती चालते तेव्हा बरी चालते, वेळ जातो तो थांबण्यात. संध्याकाळी सातला अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला एस. व्ही. रोडवर उभं राहून बघा. थांब्यासमोर तीन रिक्षा आणि एक टेम्पो उभा, त्यामुळे बस फूटपाथला लागतच नाही, दुसऱ्या लेनमध्ये तिरकी थांबते, मग लोक फूटपाथवरून उतरून रिक्षांच्या मधून पळत दाराकडे, एखादी बाई एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात पोराचं मनगट धरून, कंडक्टर आतून ओरडतोय पुढे सरका पुढे जागा आहे, शेवटी डबल घंटी वाजते, आणि आता बस निघू शकत नाही कारण मागचे बाईकवाले दोन्ही बाजूंनी घुसलेत. एका थांब्याला दोन मिनिटं गेली. असे वीस थांबे.

यातूनच मुंबईकराचं ते नेहमीचं रडगाणं येतं, की अर्धा तास एकही बस नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन एकामागोमाग. डेपोतल्या लोकांनी काही मुद्दाम केलेलं नसतं. पहिली बस जरा उशिरा पोचली की थांब्यावर तेवढ्या वेळात जास्त माणसं जमलेली असतात, ती चढायला जास्त वेळ लागतो, म्हणून ती अजून उशिरा, तिच्या मागची मात्र रिकाम्या थांब्यांवरून सुसाट येते आणि शेवटी पहिलीच्या शेपटीला चिकटते. पहिली लटकलेली माणसं घेऊन, दुसरी खिडक्या मोजत. लेन वेगळी असेल तर पहिला उशीरच कमी होतो आणि ही साखळी सुरूच होत नाही.

दुसरा हिशोब गाड्यांच्या संख्येचा, आणि माझ्या मते हा जास्त महत्त्वाचा. समजा एखाद्या मार्गावर १२ बस आहेत आणि जाऊन-येऊन एका फेरीला २ तास लागतात, तर दर १० मिनिटांनी बस मिळते. तीच फेरी ट्रॅफिकमुळे ३ तासांची झाली की त्याच १२ बसमध्ये दर १५ मिनिटांनी मिळते. म्हणजे एकही गाडी कमी न करता ४ बस गायब. मुंबईची बस चालवणाऱ्या बेस्टकडे एकेकाळी ४ हजारांहून जास्त बस होत्या, आता भाडेतत्त्वावरच्या धरूनसुद्धा ३ हजारांच्या आत आल्यात, अशा वेळी असलेल्या बस ट्रॅफिकमध्ये कुजत ठेवणं परवडण्यासारखं नाहीये. कमीत कमी तिकीट जुलै २०१९ मध्ये ५ रुपयांवर आणलं तेव्हा लोक बसकडे वळले होते, मे २०२५ मध्ये ते १० झालं, एसीचं १२. पैसे दुप्पट द्यायची तयारी एक वेळ होते हो, पण बस येणार कधी ते तरी कळायला हवं.

लेन रिकामी दिसते ना

बस लेनवरचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच, आम्ही इथे धूर खात उभे आणि ती लेन बघा मोकळी पडलीये. आता मिनिटाला एक बस आणि बसमध्ये ६० माणसं धरली तर तासाला ३,६०० माणसं जातात. सिग्नलच्या रस्त्यावर एका लेनमधून तासाला साधारण ७००-८०० गाड्या सुटतात, एका गाडीत दीड माणूस धरा, १,२०० च्या आसपास होतात. पण बस डोळ्यांसमोरून जाते चार सेकंदात, उरलेली ५६ सेकंदं लेन रिकामीच दिसते, आणि काचेआड बसलेल्या माणसाला ती ५६ सेकंदंच दिसतात. हे गणित उलटंही लागू पडतं बरं का, दर २० मिनिटांनी एक बस येणार असेल तर तिथे लेन राखून ठेवणं खरंच चूक आहे, लोक ती मोडणारच.

दिल्लीत हेच झालं. २००८ ला आंबेडकर नगर ते मूलचंद कॉरिडॉर सुरू झाला, गाडीवाल्यांनी बोंब मारली, प्रकरण हायकोर्टात गेलं, कोर्टाने २०१२ मध्ये बसच्या बाजूने निकाल दिला तरी पुढच्या तीन-चार वर्षांत कॉरिडॉर उखडलाच. पुण्यात देशातली पहिली लेन २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसरला झाली, त्यात दुचाक्या घुसायच्या त्या घुसल्याच, पिंपरी-चिंचवडच्या रुंद रस्त्यांवर पुढे त्यातल्या त्यात बरं जमलं. अहमदाबादची २००९ पासून चालू आहे, थांबे मधोमध आणि बसची दारं उजवीकडे. इंदूरने मात्र २०१३ ला केलेली २०२४ मध्ये काढायचं ठरवलं. ज्याचं नाव सगळे घेतात ते ब्राझीलमधलं कुरितिबा, १९७४ पासून, आणि कोलंबियातलं बोगोटा, २००० पासून. पण बोगोटात एका दिशेला दोन-दोन बस लेन आहेत, म्हणजे बसला बसच ओव्हरटेक करते. एवढा रुंद रस्ता लालबागला आणायचा कुठून?

मुंबईत अडतं कुठे

लेन डावीकडे घ्यायची की मधोमध, इथेच गाडी अडते. डावीकडे घेतली तर पार्किंग, रिक्षा, फेरीवाले, दुकानात माल उतरवणारे टेम्पो आणि पावसाळ्यात कडेला साचलेलं पाणी. मधोमध घ्यावी तर आता तिथे मेट्रोचे खांब उभे आहेत, लिंक रोडवर मेट्रो २अ, पश्चिम द्रुतगतीवर ७, एलबीएसवर (लाल बहादूर शास्त्री मार्गावर) ४. शिवाय मधल्या थांब्यावर पोचायला म्हाताऱ्या माणसांनी अर्धा रस्ता ओलांडायचा, तोही असा की जिथे सिग्नल लाल असला तरी बाईक थांबेलच असं नाही.

उड्डाणपुलांची गोष्ट तर वेगळीच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शहरात धडाधड पूल बांधले, गाड्या वरून जाऊ लागल्या, पण बसचा पॅसेंजर जंक्शनला असतो म्हणजे पुलाखाली, त्यामुळे बस खालच्या सिग्नलला अडकते आणि ज्यांच्यासाठी पूल नव्हता तेच खाली वाट बघत बसतात. पुलाखालचा रस्ता खरं तर बस लेनला चांगला, जोरात जाणारं ट्रॅफिक वर गेलेलं असतं, पण तिथे पार्किंग भरलेलं.

कोस्टल रोडच्या आराखड्यात बससाठी वेगळी लेन होती. रस्त्याचा पहिला भाग मार्च २०२४ मध्ये उघडला. पण एका बाजूला समुद्र आणि मधे वस्ती नाही, तिथे बस चढणार उतरणार कोण? तिथली लेन फोटोला छान, माणसं मात्र एलबीएसला आणि एस. व्ही. रोडला उभी आहेत. बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल त्या मानाने सोपं, रस्ते रुंद, बांद्रा आणि कुर्ला स्टेशनकडून ऑफिसची गर्दी ठरलेल्या वेळेला येते. पण तिथेच सायकल ट्रॅक केला होता आणि त्यावर गाड्या पार्क झाल्या, हे विसरून चालणार नाही.

म्हणून मुंबईत अख्ख्या रस्त्याची लेन करण्यापेक्षा तुकड्यांनी केलेली जास्त चालेल असं वाटतं. सिग्नलच्या आधीचे १०० मीटर फक्त बसला द्यायचे, म्हणजे रांग चुकवून ती पुढे येते. थांब्याच्या जागेला फूटपाथच पुढे काढायचा, म्हणजे बसला आत वळून पुन्हा बाहेर यायला नको आणि रिक्षालाही तिथे उभं राहता येत नाही. पूर्वी मागून चढा पुढून उतरा असा नियम होता, तो गर्दीच्या थांब्यांवर खरंच वेळ वाचवायचा, तिकीट थांब्यावर काढलं तर दोन्ही दारांनी चढताही येईल. आणि पट्टा मारून पोलीस उभा करण्यापेक्षा बसच्याच पुढच्या काचेला कॅमेरा लावावा, लेनमध्ये जो दिसेल त्याच्या घरी चलन. अ‍ॅम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेडला लेन मोकळी, शेअर रिक्षांना मात्र नाही, हे ऐकायला कठोर वाटतं पण त्यांना स्टेशनबाहेर वेगळी जागा दिल्याशिवाय ते जमायचंही नाही. दुकानदारांचा विरोध मालाच्या गाड्यांवरून होतो, त्याला उपाय वेळेचा: सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ बसची, दुपारी टेम्पो येऊ देत, रविवारी सगळ्यांना मोकळी.