ऑटोहॉटकी : एका मुक्तस्रोत साधनाची वाटचाल

तोच पत्ता दिवसातून अनेकदा टंकणे किंवा रोज त्याच क्रमाने त्याच खिडक्या उघडणे ही कामे विंडोजवर आपोआप करून घेण्यासाठी ऑटोहॉटकी हे साधन वापरतात. ठरावीक कळा दाबताच एखादे काम सुरू व्हावे, ही सोय ऑटोइट या तेव्हाच्या साधनात असावी, असे ख्रिस मॅलेट यांनी सुचवले होते. प्रतिसाद मिळाला नाही, तेव्हा ऑटोइटच्या दुसऱ्या आवृत्तीची वाक्यरचना आधाराला घेऊन त्यांनी स्वतःच प्रोग्रॅम लिहिला आणि नोव्हेंबर २००३ मध्ये तो लोकांसमोर ठेवला.

कळ दाबली की तिचा संदेश आधी विंडोजकडे आणि तिथून समोरच्या प्रोग्रॅमकडे जातो. या वाटेवर ‘हुक’, म्हणजे जाणारे संदेश मधेच पाहणारा छोटा पहारेकरी, बसवण्याची मुभा विंडोजच देते. ऑटोहॉटकी तिथे प्रत्येक कळ पाहते आणि नेमून दिलेली कळांची जोडी दिसताच ती अडवून तिच्याऐवजी दुसऱ्या कळा पाठवते. टंकलेल्या छोट्या लघुरूपाच्या जागी त्याला जोडलेला पूर्ण मजकूर आणताना मात्र आधीची अक्षरे पडद्यावर पोहोचलेली असतात, म्हणून ती बॅकस्पेसने पुसून मग नवा मजकूर टंकला जातो. या कळा बोटांनी दाबल्या की साधनाने, हे समोरच्या प्रोग्रॅमला सहसा कळत नाही. स्वयंचलनाची कसलीही सोय नसलेले जुने प्रोग्रॅमही त्यामुळेच याच्या आवाक्यात येतात.

मूळ आवृत्ती युनिकोडच्या (सर्व लिप्यांची अक्षरे सामावणाऱ्या प्रमाण संकेतप्रणालीच्या) आधीच्या संकेतप्रणालीवर चाले, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसा जुना संकेतसंच नव्हताच. स्रोत जीपीएल या, कोणालाही बदल करून वाटण्याची मुभा देणाऱ्या परवान्याखाली खुला असल्याने स्टीव्ह ग्रे यांनी ‘ऑटोहॉटकी एल’ ही शाखा, म्हणजे त्याच स्रोतावरून वेगळी वाढवलेली आवृत्ती, काढली. युनिकोड, ६४ बिट प्रोग्रॅम आणि ऑब्जेक्ट (माहिती व तिच्यावरची कामे एकत्र बांधण्याची सोय) या गोष्टी तिच्यातून आल्या, पुढे तीच मुख्य धारा ठरली, आणि मराठी मजकूरही लघुरूपांना जोडता येऊ लागला.

खरी अवघड गाठ होती ती या साधनाला सूचना ज्या भाषेत लिहून द्यायच्या, त्या भाषेची. पहिल्या आवृत्तीत नवशिक्याला सोपे जावे म्हणून अवतरणचिन्हांशिवाय मजकूर लिहिता येई, पण त्यामुळे एखादा शब्द मजकूर आहे की चलाचे (किंमत साठवणाऱ्या जागेचे) नाव, हे जागेनुसार बदले, आणि अनुभवी माणूसही त्यात फसे. २० डिसेंबर २०२२ रोजी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने ही दुहेरी पद्धत मोडली. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता, जरी त्यामुळे वापरकर्त्यांनी लिहिलेल्या असंख्य जुन्या आज्ञावल्या नव्या आवृत्तीत चालेनाशा झाल्या. त्यासाठी नव्या आवृत्तीसोबत एक लाँचर (फाइल सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) दिला आहे : फाइलीत आवृत्तीचा उल्लेख असेल तर तो पाहून, नसेल तर वाक्यरचनेवरून अंदाज बांधून, तो ती फाइल योग्य आवृत्तीकडे सोपवतो.