‘ए.ए.’च्या मीटिंगमध्ये प्रत्येक जण स्वतःचंच का सांगतो?

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘ए.ए.’ या संघटनेच्या मीटिंगला पहिल्यांदा आलेला माणूस जरा गोंधळतोच. बोलणी खायच्या तयारीने तो आलेला असतो. दारू वाईट, बायकापोरांकडे बघ, हे त्याने घरी, सासुरवाडीला, साहेबाच्या केबिनमध्ये ऐकलेलं असतं. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथाही घेऊन झालेल्या असतात. इथे मात्र त्याला कुणी काहीच सांगत नाही. एकेक जण बोलायला लागतो. फक्त पहिलं नाव, ‘मी अल्कोहोलिक आहे’, आणि मग स्वतःचीच कहाणी. मंगळसूत्र गहाण कसं टाकलं, पगाराच्या दिवशी घरी कसा पोचलोच नाही, शेवटचा पेग कधी घेतला. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. त्याचं झालं की पुढचा. याला ‘शेअरिंग’ म्हणतात आणि मराठी ग्रुपमध्येही हाच शब्द रुळलाय.

ही रीत कुण्या तज्ज्ञाने टेबलावर बसून आखलेली नाही. तिचं एक जुनं रूप १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरला दिसतं, तेही चक्क एका गुत्त्यात. तिथे नेहमी बसणाऱ्या सहा जणांनी दारू सोडायची ठरवली. त्यांत एक शिंपी, एक सुतार आणि दोन लोहार होते. आपल्या गटाला त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टनचं नाव दिलं. तोवर दारूबंदीची भाषणं करायचे ते पाद्री आणि प्रतिष्ठित लोक, ज्यांनी ग्लासला कधी हात लावलेला नव्हता. या गटाच्या सभांत पूर्वीचा दारुडाच उभा राहून आपबीती सांगायचा. हे लोण झपाट्याने पसरलं. १८४२ मध्ये स्प्रिंगफील्डला त्यांच्यापुढे बोलताना अब्राहम लिंकनने हाच मुद्दा मांडला होता: वकील आणि धर्मोपदेशकांच्या धिक्कारापेक्षा सुटलेल्या माणसाचा शब्द जास्त पोचतो.

पण दहा वर्षांच्या आतच चळवळ विस्कटली. ती राजकारणात आणि कायद्याच्या वादात ओढली गेली. सभा गाजवणारे वक्ते प्रसिद्ध झाले आणि त्यांतला एखादा पुन्हा प्यायला की त्याची बातमी व्हायची, बोभाटा सगळ्या चळवळीचा. पुढे ‘ए.ए.’ने आडनाव टाळायचा आणि कुठल्याच सार्वजनिक वादात न पडायचा जो हट्ट धरला, तो या इतिहासाकडे पाहिलं की नीट समजतो.

‘ए.ए.’चा एक संस्थापक बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला माणूस. १९३४ च्या डिसेंबरमध्ये टाउन्स हॉस्पिटलात त्याची दारू सुटली. त्याआधी एक जुना पिणारा मित्र त्याला भेटायला आला होता. ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळींत जाऊन हा मित्र सावरला होता, आणि तिथे आपल्या चुका इतरांसमोर बोलून दाखवायची पद्धत होती. बिल उत्साहाने दारुड्यांच्या मागे लागला. महिनोन्‌महिने एकही सुधारला नाही. टाउन्समधल्या डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला सांगितलं, प्रवचन थांबव, आजाराबद्दल बोल. बायको लोइसच्या मात्र वेगळंच ध्यानात आलं होतं: बाकी कुणी नसेल, पण बिल स्वतः तर पीत नव्हता!

१९३५ च्या मे महिन्यात धंद्याच्या कामासाठी तो ओहायोतल्या अ‍ॅक्रनला गेला. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार गजबजलेला आणि खिशात फारसं काही नाही. पाय तिकडे वळायच्या आत तो फोनकडे गेला आणि चर्चच्या यादीतून नंबर लावत सुटला: मला एखादा दारुडा भेटवा. या खटपटीतून १२ मे रोजी त्याची गाठ सर्जन डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. डॉक्टर फक्त १५ मिनिटं द्यायच्या बोलीवर आले होते. संध्याकाळी ५ ला सुरू झालेलं बोलणं रात्री ११ नंतर संपलं. बिलने त्यांना सुधारायचा प्रयत्न केला नाही, स्वतःचं सांगितलं. डॉक्टरांनी दारूवरचं पुष्कळ वाचलेलं होतं, पण त्यातून गेलेला माणूस त्यांना प्रथमच भेटत होता.

हा चमत्कार नव्हे. डॉक्टर काही आठवड्यांत एका परिषदेला गेले आणि तर्र होऊन परतले. १० जूनच्या सकाळी त्यांना ऑपरेशन करायचं होतं आणि हात थरथरत होते, म्हणून खुद्द बिलनेच त्यांना बिअरची बाटली दिली. ती शेवटची. तोच दिवस ‘ए.ए.’चा स्थापना दिवस मानतात. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याची गरज आधी असते, ही अ‍ॅक्रनची खरी कमाई. म्हणून दोघं लगेच इस्पितळात तिसरा शोधायला निघाले. १९३९ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाचा मोठा भाग सदस्यांच्या कहाण्यांनीच भरलाय. घरच्यांचं दुखणं वेगळं, हे ओळखून लोइसने १९५१ मध्ये ‘अल-अ‍ॅनॉन’ उभं केलं.

मुंबईत ‘ए.ए.’ आलं १९५७ साली, म्हणजे राज्यात दारूबंदीचा कायदा लागू असताना. कागदोपत्री जिथे पिणाराच नव्हता तिथे! महाराष्ट्रात घरोघरी हा विषय पोचवण्यात मात्र पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचा वाटा मोठा. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या व्यसनावरचे डॉ. अनिल अवचटांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी एक लाखाची देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला केंद्र सुरू झालं. त्याची घडी बसवली ती डॉ. सुनंदा अवचट यांनी. इथून बरे झालेलेच पुढे समुपदेशक होतात. ‘स्लिप’ झालेला, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे वळलेला, परत आला तर त्याला दार बंद नसतं. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, कारण वर्षानुवर्षं ‘तूच समजावून सांग ना’ हे तिनेच ऐकलेलं असतं.

‘ए.ए.’ने गुण किती येतो, यावर बरीच वर्षं शंका घेतल्या गेल्या, आणि तिच्या तत्त्वांतला ईश्वराचा उल्लेख अनेकांना खटकतो. २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास, १० हजारांवर माणसं तपासली. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ‘ए.ए.’कडे पद्धतशीर वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. त्यात कहाणी सांगण्याचा वाटा किती आणि दर आठवड्याला तीच माणसं भेटण्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. माझा कल दुसऱ्याकडे जरा जास्त आहे.